सिक्सलाइन असलेल्या टाकीत फेअरी रॅस ठेवता येईल का?

ठाणेकर_रीफ:
नमस्कार मंडळी. समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी चार फुटी, ४ × १.५ × २, दीड वर्ष झालं. आत मासे म्हणजे दोन क्लाउन, एक रॉयल ग्रामा आणि सिक्सलाइन रॅस (रॅस हे समुद्री माशांचं एक कुळ). सिक्सलाइन सगळ्यात आधी आणलेला. गेल्या महिन्यात लबॉक फेअरी रॅस आणला. दुकानदार म्हणाला, "दोन्ही रॅसच आहेत, जमवून घेतील." तिसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीची कड फाटलेली दिसली, ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी जिथून बाहेर जातं त्या) कोपऱ्यात पाण्याच्या अगदी वरच्या थराला चिकटून होता. पाचव्या दिवशी सकाळी स्टँडमागे फरशीवर सुकून पडलेला सापडला. मुलगी शाळेतून येईपर्यंत मला तिला काय सांगावं ते सुचत नव्हतं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. कोणते रॅस एकत्र नांदतात?

पंपवाला_पुणे:
वाईट वाटलं. आधी झाकण करा. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून टाकीच्या मापाची चौकट करून घ्या आणि तिच्यात बारीक पारदर्शक नायलॉन जाळी ताणून बसवा. वायरीसाठी ठेवलेली खाच पण बुजवा, दोन बोटांच्या फटीतूनही मासा जातो. रात्री अचानक लाइट गेली की घाबरून उडी मारतात.

नाशिकची_खारी_टाकी:
दादा, तुमचा लबॉक उडी मारून गेला खरा, पण त्याला उडी मारायला लावलं सिक्सलाइनने. मी नऊ वर्षं रॅस पाळते आणि याच चुकीत दोन मासे गमावलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सिक्सलाइन बोटाएवढा, पण दगडांतली प्रत्येक कपार तो आपली मानतो. आधी तो आणि नंतर दुसरा, हा क्रमच उलटा आहे. त्याला ठेवायचंच असेल तर सगळ्यात शेवटी आणायचा. तुमच्या टाकीत मी तर ठेवणारच नाही. तसाच छोटा, दगडांत फिरणारा रॅस हवा असेल तर पॉसम रॅस बघा. लाजाळू आहे, कुणाच्या वाटेला जात नाही.

फेअरी आणि फ्लॅशर रॅस हे उघड्या पाण्यात पोहत प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपणारे. वेगवेगळ्या जातींचे एकत्र छान राहतात, पण एकाच जातीचे दोन नर नको. जोडी हवी असेल तर एक नर आणि एक-दोन माद्या घ्या. नुसत्या माद्या घेतल्या तर त्यांतली एक पुढे नर होते, रंग हळूहळू बदलताना बघायला मिळतो. माझ्याकडे हे घडलं, रोज सकाळी चहा घेऊन मी टाकीसमोर बसायचे.

तिसरा पिवळा कोरिस रॅस. त्याला निदान दोन इंच बारीक वाळू हवी, कारण रात्री तो तिच्यात घुसून झोपतो. इंडोनेशियाहून आलेला असेल तर त्याची संध्याकाळ आपल्या दुपारी होते. आल्या आल्या वाळूत जातो आणि कधीकधी दोन-तीन दिवस दिसतच नाही. वाळू उकरू नका. माझा चौथ्या दिवशी दुपारी वर आला, आधी नुसतं नाक बाहेर.

आणखी एक, फेअरी रात्री स्वतःभोवती चिकट कोश विणतो. सकाळी दगडाच्या खबदाडीत पातळ प्लास्टिकसारखं काहीतरी हलताना दिसलं तर रोग समजून औषध घालू नका.

ठाणेकर_रीफ:
ताई, मनापासून आभार. सिक्सलाइन काढतो, पण जाळी पाण्यात घातली की दगडामागे गायब. दगड उचलले तर त्यांवरचे कोरल (प्रवाळ) हलतील.

नाशिकची_खारी_टाकी:
जाळीने नाही मिळायचा, उगाच पळवू नका. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा आत बसवा. रात्री बाटलीत काही घालू नका. सकाळी तो उपाशी असतो, तेव्हा आत मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) ठेवून ती त्याच्या कपारीशी टेकवा आणि दूर बसा. माझा तिसऱ्या सकाळी गेला. पण आधी एखादं घर नक्की करून ठेवा, कुणी मोठ्या माशांची टाकी असलेला घेईल का विचारा.

मग नवा फेअरी आणलात की पारदर्शक छिद्रांच्या डब्यात चार-पाच दिवस टाकीतच टांगा. ग्रामा डब्याशी येऊन तोंड वासत असेल तर अजून थांबा, बघून न बघितल्यासारखं करत असेल तर सोडा. सोडताना दिवे मंद करा आणि दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला घाला.

पंपवाला_पुणे:
माझ्याकडे सहा फुटी टाकी आहे, तुमचा सिक्सलाइन मी घेतो. बाटलीत गेला की कळवा, रविवारी ठाण्यात येणारच आहे.