मदत हवी आहे: ८ इंची दुर्बिणीतून एनजीसी १३६५ चा दांडा दिसतो का?

फॉर्नॅक्स तारकासमूहातली ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका (गाभ्यातून आरपार ताऱ्यांचा सरळ पट्टा, तोच दांडा) भोरच्या पुढे जाऊन दोन अमावास्या बघितली. ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० मिमी, आयपीस २५ आणि १० मिमी. आपल्याकडून ती जेमतेम ३५ अंश वर येते, म्हणून डिसेंबरात रात्री दहाच्या आसपासच बघतो.

शेजारच्या एनजीसी १३९९ आणि १४०४ या दीर्घिकांचे गोल ठिपके लगेच सापडतात. तिथून सव्वा अंश नैऋत्येला सरकलं की १३६५, पण नुसता गाभा. काचेवर फुंकर मारल्यासारखा धुरकट. कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) केलंय, आरसा तासभर थंड केला, तिरकी नजरही (थेट न बघता किंचित बाजूला बघणं) लावून झाली. फोटो काढायचा नाही, मोठी दुर्बीण परवडणार नाही.

क्षितिजापासून एवढ्याच उंचीवर असताना कुणाला डोळ्यांनी दांडा दिसलाय का, आणि किती पट मोठं करून?