दुपारची झोप आणि साडेचार हजारांचा समर कॅम्प

सईची_आई (पुणे)
मुलगी साडेतीन वर्षांची. दोन वर्षं एकाच पाळणाघरात जाते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आजवर तक्रार नव्हती. गेल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला: १५ एप्रिल ते ३१ मे समर कॅम्प, सगळ्यांना सक्तीचा, नेहमीच्या फीवर साडेचार हजार वेगळे. रोज चार ॲक्टिव्हिटी. फोनिक्स (म्हणजे इंग्रजी अक्षरांचे उच्चार), अबॅकसची (मण्यांवर आकडेमोड) ओळख, नाच, कागदकाम. शुक्रवारी स्प्लॅश डे.

पैशांचं एक वेळ सोडा. दुपारची झोप आधी एक ते तीन होती, ती आता दीड ते सव्वादोन केली आहे. आठवड्यात परिणाम दिसला. रिक्षात बसल्या बसल्या पेंगते, घरी आल्यावर अर्धा तास भोकाड, जेवताना घास तोंडात धरून झोप, आणि रात्री अकराला टक्क जागी.

परवा हातात कागदी आंबा घेऊन आली. पिवळा रंग रेषेबाहेर ठिपकाभरही गेलेला नाही. आमची ही बया फरशी आणि स्वतःचे गुडघे रंगवल्याशिवाय खडू खाली ठेवत नाही! विचारलं, कुणी रंगवला गं? म्हणाली, "ताईने. मी लाइनीत उभी होते."

मला वाटतं, पाळणाघर हे मुलांचं दिवसाचं घर आहे. सुट्टीत घरी मूल लोळतं, पाण्यात हात घालतं, कंटाळतं. तेवढं तिथे का होऊ नये? तुमचं काय मत?

डोंबिवलीचा_बाबा
मत विरुद्ध आहे, रागावू नका. आम्ही दोघं सात-दहाची लोकल पकडतो, परत यायला आठ वाजतात. मुलगा सात वर्षांचा. गेल्या मे महिन्यात आमच्या पाळणाघरात कॅम्प वगैरे काही नव्हतं, मुलांना "मोकळं" सोडलं होतं. मोकळं म्हणजे काय, तर अकरा ते चार टीव्ही. पोरगा कार्टूनमधल्या हिंदीत बोलायला लागला होता. एका हॉलमध्ये अठरा मुलं लोळायला लागली की शेवटी रिमोटच हातात येतो. चार गोष्टी ठरवून कुणी करून घेत असेल तर मी साडेचार हजार आनंदानं देईन.

आणि आता कुणी तरी येऊन आजोळ, आमराई, विहीर सांगेल. माझी सासू अजून नोकरीत आहे.

कोकणी_वाट
सांगणारच होतो. विहिरीवर आलो होतो तेवढ्यात तुम्ही दोर कापलात.

पाळणाघरवाली
चौदा वर्षं पाळणाघर चालवते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

वर्षभर माझ्याकडे सोळा मुलं असतात, बहुतेक चारच्या आतली. एप्रिलात शाळांना सुट्ट्या लागल्या की सत्तावीस होतात. एरवी शाळा सुटल्यावर दोन-तीन तास येणारी सहा ते नऊ वर्षांची मुलं दिवसभर असतात. ती दुपारी झोपत नाहीत. एकानं चादरीखालून दुसऱ्याला चिमटा काढला की सगळी खोली जागी. त्यात तीनपैकी एक ताई मे महिन्यात गावाला जाते, घरात लग्नं असतात, अडवणार कसं? तेव्हा सईच्या आई, झोप कापली ती कुणाच्या दुष्टपणानं नसणार. मोठ्यांना गुंतवायला कार्यक्रम आखला आणि खोली एकच, म्हणून लहानगी त्यात ओढली गेली.

दुसरं, फोटो. अकरा वाजले की ग्रुपवर विचारणा सुरू, "आज काय शिकवलं?" चौदा वर्षांत "आज किती झोपली?" असं विचारणारे पालक बोटांवर मोजण्याइतके. दोन वर्षांपूर्वी मी कॅम्प ठेवला नाही, तर दोन मुलं काढून घेतली, पलीकडच्या गल्लीत रोबोटिक्स होतं म्हणून. मुलं किती वर्षांची? एक चार, एक पाच. तो तुमचा आंबा ताईनं रंगवला, कारण तो फोटोत जाणार होता. हे मी पण केलंय, खोटं का बोलू.

पण ठरवून केलेलं सगळंच वाईट, हे मला मान्य नाही. आम्ही दर उन्हाळ्यात पन्हं करतो. कैऱ्या मी उकडून गार करते, मग मुलं परातीत हात घालून गर काढतात. पहिल्या दिवशी अर्धी मुलं "ई, चिकट" म्हणून हात मागे घेतात. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत माखलेली असतात, आणि कोय चोखायला कुणाला मिळणार यावर भांडण. गूळ किती वाट्या, पाणी किती तांबे, हे मोठी मुलं मोजतात. वेलदोडे खलबत्त्यात कुटायला रांग लागते, पण त्या रांगेतल्या प्रत्येकाला बत्ता मिळतो. अबॅकसच्या ओळखीचं मला माहीत नाही, चिंचोक्यांनी मात्र मुलं वीसपर्यंत अलगद जातात. लहानांसाठी सकाळी साडेआठला, ऊन चढायच्या आत, गच्चीत घमेल्यात पाणी, नरसाळं आणि आंघोळीचा मग. तासभर आवाज नाही.

चारच्या आतल्यांची झोप एक ते तीन, तिला मी हात लावू देत नाही. मोठे तेव्हा पॅसेजमध्ये कॅरम आणि पत्ते खेळतात. मला पॅसेज आहे म्हणून हे जमतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करावं, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माजी_बालवाडी_शिक्षिका
पन्ह्याचं वाचून बरं वाटलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, ते याच दिशेनं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं कुठून आणणार, म्हणून बिया, शंख-शिंपले, दगड, पानं, जे आवारात मिळेल ते साधन. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आली.

झोपेबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला १० ते १३ तास झोप हवी. दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी. स्क्रीन तासाभरापेक्षा जास्त नको. म्हणजे सईच्या आईंची तक्रारही खरी आणि डोंबिवलीच्या बाबांचा टीव्हीवरचा रागही रास्त. पण साडेतीन वर्षांच्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला मे महिन्यात फोनिक्स कशाला? तिला आधी गाणी, बडबडगीतं, गोष्टी भरपूर ऐकू द्या. कान तयार झाला की अक्षरं येतात.

डोंबिवलीचा_बाबा
बाई, आदर आहेच. पण कोसबाडला टेकडी होती. आमच्या पाळणाघराच्या आवारात शंख-शिंपल्यांच्या जागी दोन स्कूटर आणि वॉचमनची खाट आहे. आदर्श सांगायला सगळे येतात, जागा द्यायला कुणी येत नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. बायकोच्या ऑफिसात ती सोय म्हणजे कुलूपबंद खोली आणि आत दोन टेडी. त्यांची झोप मात्र उत्तम होते.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)
सकाळी साडेआठला गच्ची? आमच्याकडे मे महिन्यात त्या वेळेला फरशीवर पाय ठेववत नाही. पारा ४५ ला टेकतो, मुलं कूलरसमोरच. अशात आतल्या आत काही तरी करून घेणारं कुणी असेल तर देव पावला. झोप मात्र इथं कापूच शकत नाही, दुपारी मोठी माणसंही आडवी असतात.

बाकी स्प्लॅश डेचं एक कळत नाही. पुण्यात मे महिन्यात सोसायट्यांना टँकर लागतात ना? मग हे पाणी कुठून येतं?

सईची_आई
टँकरचंच. त्याचे पैसे साडेचार हजारांत धरलेत बहुतेक.

फ्रँकफुर्टची_सून
इथल्या बालवाडीत उन्हाळ्यात अभ्यास वगैरे काही नाही. रबरी विजारी घालून पोरं चिखलात बसलेली असतात, घरी येताना खिशात खडे. सुरुवातीला मी पण विचारायचे, आज काय शिकवलं? बाई म्हणायच्या, "खेळली." पुढे काही नाहीच. पण हेवा करू नका. उन्हाळ्यात आमची शाळा तीन आठवडे सरळ बंद असते, आईबापांनी रजा काढायची. भारतात माझ्या बहिणीचं पाळणाघर दिवाळीचे चार दिवस सोडले तर कायम चालू.

डोंबिवलीचा_बाबा
तीन आठवडे रजा! मला सलग तीन दिवस मागायची हिंमत होत नाही.

सईची_आई
पाळणाघरवाली ताई, तुमचं वाचून काल आमच्या पाळणाघराच्या काकूंशी बोलले, भांडायला म्हणून गेले नाही. त्यांच्याकडेही तेच, मुलं वाढली आणि एक ताई गावाला. लहानांना आता एक ते अडीच झोपवणार आहेत, फोनिक्सच्या वेळेत. एक ते तीन जमणार नाही म्हणाल्या. मी ग्रुपवर लिहिलं की सईचे फोटो नाही आले तरी चालतील. त्यावर दोघींनी अंगठा दिला, एका बाबांनी "मग पैसे कशाचे?" असं विचारलं.

आज कागदी कलिंगड आलं. बिया सगळ्या सालीवर, दोन पाठच्या बाजूला.

डोंबिवलीचा_बाबा
त्या बाबांचा प्रश्न बरोबर आहे. फोनिक्सचे पैसे परत मिळाले?

सईची_आई
नाही.