आयझेनबान: आगगाडी, रेल्वे की लोहमार्ग?

आडोल्फ मेन्त्सेल या जर्मन चित्रकाराचं १८४७ सालचं तैलचित्र आहे: ‘डी बर्लिन-पोट्सडामर आयझेनबान’. त्याची मराठीत ओळख लिहिताना मी शीर्षक ‘बर्लिन-पोट्सडाम आगगाडी’ असं केलं होतं. चित्र पुन्हा नीट पाहिलं आणि ते खोडलं.

चित्रात गाडी आहे, पण केवढीशी! क्षितिजावर बर्लिनची पुसट रेघ, अलीकडे ओसाड माळ आणि त्यातून वळण घेत गेलेले रूळ. नजर रुळांवरच खिळते. हा प्रशियातला पहिला लोहमार्ग, १८३८ मध्ये सुरू झालेला. माळाचं रूप त्याने कसं पालटलं, तेच मेन्त्सेलने रंगवलंय असं मला वाटतं.

शब्दही तेच सांगतो. ‘आयझेन’ म्हणजे लोखंड, ‘बान’ म्हणजे मार्ग. धावणाऱ्या गाडीला जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘त्सूग’. तो ‘ओढणे’ या क्रियापदाशी जोडलेला. आपण आगीकडे पाहून ‘आगगाडी’ म्हटलं, त्यांनी वाटेकडे पाहून ‘आयझेनबान’. म्हणून माझं मत ‘लोहमार्ग’.

प्रतिसाद: अर्थ पटला, पण ‘लोहमार्ग’ वाचलं की मला लोहमार्ग पोलिसांची पाटी आठवते. आयझेनबान हा तिथल्या लहान मुलांच्याही तोंडचा शब्द आहे. आपल्या बोलण्यात वाटेसाठी ‘लाइन’ आहेच की! सेंट्रल लाइन, हार्बर लाइन. ‘बर्लिन-पोट्सडाम लाइन’ का नको?

हे मला सुचलंच नव्हतं. ‘लाइन’मध्ये वाट आहे आणि रोजचेपणाही. लोखंड मात्र सुटतं, आणि १८४७ मध्ये नवलाई लोखंडाचीच होती, म्हणून मन अजून अडतंय.

जाता जाता ‘कूपे’बद्दल. मेन्त्सेलने प्रवासीही रंगवले. रात्रभर प्रवास करून शिणलेली माणसं त्याच्या १८५१ च्या चित्रात आहेत. त्या काळी जर्मन लोक गाडीतल्या कप्प्याला ‘कूपे’ म्हणत. शब्द फ्रेंच, ‘कापणे’वरून आलेला. पुढे त्यांनी तो टाकून ‘आपटाइल’ हा स्वतःचा शब्द रूढ केला. आपल्याकडे फर्स्ट क्लासच्या दोन बर्थच्या खोलीला अजून कूपेच म्हणतात. तेव्हा अशा चित्रांच्या वर्णनात ‘डबा’ लिहू नये. डबा म्हणजे अख्खी बोगी. मेन्त्सेलची माणसं बसलीत ती एका कप्प्यात, गुडघ्याला गुडघा लावून.