झेड4 चे मागचे टायर संपलेत, पुण्याला डीलरकडं जाऊ की बेळगावातच बसवू?

शहापूरचा_एम40

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. दोन वर्षांमागं पुण्यात सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड4 एम40आय घेतली, उघड्या छपराची, 2019 चं मॉडेल. बेळगावात आणली तेव्हा गल्लीतली पोरं रोज छप्पर उघडून दाखवायला लावायची, ते असू दे. आता मागचे दोन्ही टायर गेलेत. बाहेरनं बघितलं तर बरे दिसतात, पण परवा वॉशिंगला गाडी वर घेतली तेव्हा आतली कड दिसली, एकदम गुळगुळीत, एका ठिकाणी तर तार दिसायच्या बेतात. पुढच्यांना अजून चार मिलिमीटर तरी नक्षी आहे.

साइज पुढं 255/35 आर19, मागं 275/35 आर19. मिशेलिनचे, कडेला बीएमडब्ल्यूची स्टारची खूण असलेले. गाडीला स्टेपनी नाही, नुसतं फेसाचं किट आणि पंप, त्यामुळं रस्त्यात फुटला तर संपलंच.

आमचा डीलर पुण्यात, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, ह्या टायरवर, ह्या पावसात. टायर मागवून ठेवतो म्हणतात पण कधी येतील ते सांगेनात. दुसरा इथं उद्यमबागेकडं एक टायरवाला आहे, तो आठ दिवसात आणून बसवून बॅलन्सिंग अलाइनमेंटसकट देतो म्हणायलाय, जोडीला डीलरपेक्षा चौदा हजार कमी. आमचे काका म्हणतात एवढी गाडी घेतलास आणि चौदा हजाराला मागंपुढं बघतोस होय. मित्र म्हणतात डीलर म्हणजे नुसती लूट. मला पैशापेक्षा रिमची भीती आहे, आणि गाडीला अजून एक्स्टेंडेड वॉरंटी आहे ती जाऊ नये. कुणी केलंय का असं?

कणकुंबी_एक्सप्रेस

डीलर का बाहेर ते नंतर बघू भावा, आधी ती गाडी घरात लाव. मागच्या चाकांवर चालणारी, त्यात मागचे टायर गुळगुळीत, आणि तू जुलैत बेळगावात. पुढचे टायर पाणी कापतात आणि मागचे पाण्यावर तरंगतात, मग स्टेअरिंग काहीही कर, शेपूट आधी जातं. जांबोटीच्या पुढं एक वळण चुकलं तर टायरचा प्रश्नच मिटला. पुण्याला ह्या टायरवर जायचं नाव काढू नको, न्यायचीच तर ट्रकवर घालून ने, आणि ते भाडं धरलं तर तुझे चौदा हजार वाढतीलच की.

टिळकवाडी_टर्बो

माझ्याकडं ऑडी टीटी आहे, दोन्हीकडचं खाऊन बसलोय त्यामुळं सांगतो.

पहिल्यांदा डीलरकडं गेलो (कुठला ते विचारू नका). लाउंज एक नंबर, कॉफी दिली, दोन तासात गाडी हातात. घरी येऊन सहज टायरच्या कडेवरचा नंबर बघितला तर टायर तीन वर्षं जुना! बिलात नवा, किंमत नव्याची. फोन केला तर म्हणाले सर, गोडाऊनमध्ये नीट ठेवला असेल तर चालतो. चालत असेल हो, पण मग मला आधी सांगायचं, मी ठरवलं असतं.

दुसऱ्यांदा इकडंच एका ठिकाणी बसवले. माणूस चांगला, टायर ताजे, सगळं बरोबर, पण पोरानं बोल्ट इम्पॅक्ट गननं असे काही आवळले की पुढच्या महिन्यात लॉक बोल्टची चावी आतच तुटली. एक बोल्ट काढायला अर्धा दिवस आणि एका रिमला ओरखडा. त्यामुळं डीलर चांगला का बाहेरचा चांगला ह्या भांडणात मी पडत नाही. तुझ्या गाडीला कोण हात लावणार आणि कशानं लावणार, ते बघ.

बाकी बसवायच्या आधी डॉटचे, म्हणजे टायरच्या कडेवरच्या त्या नंबरचे, शेवटचे चार आकडे वाच. 1425 असेल तर 2025 सालचा चौदावा आठवडा. हे दुकानातच वाचायचं, घरी येऊन नव्हे. माझं झालंय म्हणून सांगालोय.

खानापूर_रोडचा_टायरवाला

मी स्वतः ह्या धंद्यात आहे, तीस वर्षं झाली, वडलांचं पंक्चरचं दुकान होतं त्याचं आता टायरचं झालं. आधीच सांगतो की तुमच्या गाडीला माझ्या दुकानात हात लावत नाही, त्यामुळं गिऱ्हाईक ओढायलोय असं समजू नका. माझं मशीन साधं आहे, त्यावर स्विफ्ट, क्रेटा, बोलेरो रोज होतात, पण 35 सिरीजचा टायर म्हणजे भिंत बोटभर, ती वाकतच नाही. साध्या मशीनवर लोखंडी पट्टी घालून बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, उचलायला गेलं की पट्टी रिमच्या कडेवर टेकते, आणि तुमच्या रिमला ती चकाकणारी कापलेली कड असणार, तिथला ओरखडा पॉलिशनं जात नाही. ह्याला पट्टी न लागणारं मशीन पाहिजे, बाजूला दाबणारा हात असतो त्याला, आणि रिम धरणाऱ्या जबड्यांना प्लास्टिकची टोपी. आधी नुसतं मशीन बघायला जावा. दाखवायला कां कूं केलं तर तसंच परत या.

व्हॉल्व्हच्या मागं प्रेशरचा सेन्सर असतो. बीड रिमपासनं सोडवताना मशीनचं फावडं व्हॉल्व्हच्या जवळ लावलं तर सेन्सर मोडला म्हणून समजा, आणि तो फुकट मिळत नाही. चांगला कारागीर आधी व्हॉल्व्ह कुठं आहे ते बघून चाक फिरवून घेतो, तुम्ही तिथं उभे राहून नुसतं एवढंच बघितलं तरी माणूस कळतो. बॅलन्सिंगचं वजन ठोकायचं नको, आतनं चिकटवायचं. गाडी उचलताना जॅक कुठंही लावायचा नाही, खाली रबराचे पॅड असतात तिथंच, आणि गाडी एवढी खाली आहे की आधी फळीवर चढवल्याशिवाय आमचा जॅक आतच जात नाही. बोल्ट हातानं लावून शेवटी टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरालाच आवळायचा पाना), तुमच्या गाडीला 140 न्यूटन मीटर. रेंच नाही म्हणाला तर तुमचा घेऊन जावा, उद्यमबागेत कुठल्याही कारखान्यात मिळेल बघा, तिथं काय कमी आहे. आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा तपासून घ्या.

टायरमध्ये फेसाचं किट कधी मारलं असेल तर आधी सांगा हो. आतनं सगळा चिकट चिखल निघतो आणि पोरं शिव्या घालतात.

आता आतली कड झिजली त्याचं. ह्या गाड्यांना कंपनीच मागच्या चाकांना आत झुकवते, वळणात पकड मिळावी म्हणून, त्यामुळं आतनं थोडं जास्त झिजणार हे धरूनच चला. पण तार दिसेपर्यंत म्हणजे टो, चाकं सरळ पुढं बघायचा कोन, बिघडलाय, आमच्या खड्ड्यांची कृपा. नुसते टायर बदलले आणि अलाइनमेंट तशीच सोडली तर नवी जोडीपण तशीच खाणार. आणि इथंच डीलर वरचढ ठरतो. आमच्या मशीनमध्ये तुमच्या मॉडेलचा डेटा असेलच असं नाही. नसला की काही जण जवळपासच्या मॉडेलचे आकडे घालून हिरवा कागद काढून देतात. तो कागद बघून खूश होऊ नका, वर मॉडेलचं नाव काय छापलंय ते वाचा.

शहापूरचा_एम40

टायरवाले काका, लै उपकार झाले. फेस कधी मारला नाही, आधीच्या मालकानं मारला असेल तर देव जाणे. उद्या मशीन बघून येतो. स्टारच्या खुणेचं काय? उद्यमबागेतला टायरवाला म्हणतो की तीच मिशेलिन बिनास्टारची लगेच मिळेल, स्टारची मागवावी लागेल.

टिळकवाडी_टर्बो

स्टार म्हणजे बीएमडब्ल्यूनं आपल्या गाडीसाठी टायर कंपनीकडनं करून घेतलेला टायर. पोर्शेला एन0, एन1 असतं, मर्सिडीजला एमओ, ऑडीला एओ, तसंच हे. नाव, साइज तेच असलं तरी आतला मसाला आणि भिंतीचा कडकपणा वेगळा असू शकतो. चारी बिनास्टारचे घातलेस तर काही आभाळ कोसळत नाही. पण पुढं स्टार आणि मागं बिनास्टार असलं तर गाडी वळणात थोडी वेगळी बोलते. तुझे पुढचे अजून राहणार आहेत म्हणून मी असतो तर स्टारचाच घेतला असता, आठ दिवस जास्त लागू देत. काही झालं तरी एका एक्सलला दोन्ही सारखेच पाहिजेत, एक इकडचा एक तिकडचा असलं काही करू नको. आणि मागं 100वाय एक्सएलच (जादा भाराचा) घे. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटरपर्यंत. हत्तरगी टोलपर्यंत तू 300 नं जाणार नाहीस हे ठाऊक आहे, पण भार आणि भिंत त्या हिशोबानं केलेली असते.

मिळायला वेळ का लागतो तेपण सांगतो. जून 2020 पासून नवे टायर बाहेरनं आणायला सरकारी परवाना लागतो, त्याआधी मोकळं होतं. असल्या साइजचे टायर बहुतेक बाहेरनंच येतात, त्यामुळं डीलर काय आणि तुझा उद्यमबागवाला काय, दोघंही वाटच बघत बसतात.

निपाणीचा_वकील

वॉरंटीबद्दल भीती घालणारे लै भेटतात म्हणून लिहितोय. बाहेर टायर बसवले एवढ्यावरनं इंजिनची वॉरंटी जात नाही. बाहेर केलेल्या कामामुळं एखादा पार्ट बिघडला, तर त्या पार्टचा क्लेम नाकारतील, सेन्सर मोडला तर सेन्सरचा. सुट्या भागांच्या बाबतीत बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अडवतात म्हणून सीसीआयनं (भारतीय स्पर्धा आयोगानं) 2014 मध्ये 14 गाडी कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, त्यामुळं हा विषय काही नवा नाही. तरी तुमची एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे वेगळा करार, त्याचा कागद काढून वाचाच, डीलरच्या तोंडावर जाऊ नका.

बिल मात्र पक्कं पाहिजे. त्यावर टायरचा नंबर आणि डॉट लिहून घ्या. बिल नको असेल तर कमी करतो असं कुणी म्हटलं तर उठून या, टायर फुगला की तो दुकानदार तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. कडेला आयएसआयची खूण आहे का तेपण बघा. आणि जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झालाय, जुन्या दरानं कोटेशन दिलं असेल तर विचारा.

इन्शुरन्सचं अजून एक. नुसता टायर खड्ड्यात फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही, गाडीला पण त्याच अपघातात मार लागला असेल तरच टायरचा क्लेम, तोही अर्धा. चोर्ल्याचा रस्ता बघता टायरचं ॲड ऑन घ्या.

कणकुंबी_एक्सप्रेस

वकीलसाहेब, चोर्ल्याला नावं ठेवायचं काम आमचं, तुम्ही निपाणीत बसून काय ठेवताय 😄

शहापूरचा_एम40

बारा दिवस झाले, काय झालं ते सांगतो.

उद्यमबागेत मशीन बघितलं, पट्टी न लागणारं आहे, जबड्याला टोप्यापण आहेत. टॉर्क रेंच होता पण कपाटात पिशवीत बांधून ठेवलेला, त्यावरनं काय ते समजलो. विचारलं तर मालक हसला आणि म्हणाला साहेब तुमच्यासाठी उघडतो. अलाइनमेंटच्या मशीनमध्ये मात्र ही झेड4 नव्हती, जुनी होती. त्यानं स्वतःच सांगितलं की हे माझ्याकडनं होणार नाही, खोटा कागद देणार नाही. तिथंच माणूस आवडला.

मग टायर त्याच्याकडनंच घेतले, स्टारचे, पक्क्या बिलावर. जीएसटीचं विचारल्यावर कोटेशन परत काढलं, थोडं अजून उतरलं. बसवताना मी तिथंच उभा. व्हॉल्व्ह बघून फिरवलं पोरानं, काका तुमची आठवण काढली. आधीच्या मालकानं फेस मारलेला निघाला उजव्या चाकात, एवढा की सेन्सर धुऊन घ्यावा लागला, शिव्या मलाच बसल्या. रिमला काही नाही. अलाइनमेंट पुढच्या आठवड्यात पुण्याला डीलरकडं, सर्व्हिसिंगबरोबर, आता नवे टायर असल्यामुळं हायवेनं चालवतच नेणार. आमच्या घरच्या काकांना सांगितलं की दोघांकडं अर्धं अर्धं काम दिलंय, तर म्हणतात म्हणजे दोघांनाही पैसे दिलास.

एकच राहिलं. मागचे नवे बघता बघता पुढच्यांचा डॉट वाचला, 2119 आहे. नक्षी चार मिलिमीटर आहे पण टायर गाडीबरोबरचेच, कंपनीतनं आलेले. भिंतीवर बारीक केसासारख्या रेघा दिसायला लागल्यात. पावसाळा काढू का ह्यांच्यावर?

खानापूर_रोडचा_टायरवाला

रेघांचा फोटो टाका, उजेडात, टायर थोडा वळवून. नखात अडकतात का तेपण बघून सांगा. अडकत असतील तर पुण्याला जायच्या आधीच बदला.