आमच्या आज्यांनी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?

खानापूरची_सून
काल इथं वडगावच्या एका काकांनी लिहिलंय: "मूल हवं म्हटलं की थायरॉईड, साखर, फोलिक ॲसिड... सगळे पैसे काढायचे धंदे. आमच्या आज्यांनी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या? आठ-आठ पोरं झाली." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

आठ झाली, पण जगली किती? माझ्या आजीचं एक बाळ पाठीवर पाण्याची गाठ घेऊन जन्मलं आणि आठवड्याच्या आत गेलं. ग्रहणात विळी हातात धरलीस म्हणून असं झालं, असं सासरच्यांनी तिला सुनावलं. म्हातारपणी डोळे गेले तरी ग्रहण आलं की ती विचारायची, "विळी उचलून ठेवलीस न्हवं?" मरेपर्यंत ते ओझं वाहिलं तिनं.

बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर. ती नीट मिटली नाही की आजीच्या बाळासारखी पाठीवर गाठ येते. त्यानंतर आपण किट आणतो, सासूला सांगतो, आशाताई नाव नोंदवते. लोहाच्या रोजच्या गोळ्या तर चौथ्या महिन्यापासून. तोवर नळीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड रोज, निदान महिनाभर आधीपासून. बरेच डॉक्टर तीन महिने सांगतात. इतकी स्वस्त गोळी, तिच्यात कुणाचा धंदा होतोय ते सांगा.

आप्पा_वडगाव
तो काका मीच. गोळीवर माझा राग नाही ताई. सूनबाईला शहरातल्या एका दवाखान्यात पहिल्याच भेटीत हातभर यादी दिली. बिल माझ्या निम्म्या पेन्शनीएवढं, आणि सगळं नॉर्मल. पोरगी घरी येऊन रडली, "माझ्यातच खोट बघायला लागलेत" म्हणून. त्याचं काय करायचं, सांगा की.

दवाखान्यातली_अक्का
वीस-पंचवीस वर्षं नर्स आहे म्हणून बोलते. आप्पा, तुमच्या यादीत टॉर्च पॅनेल (बाळाला बाधणाऱ्या काही संसर्गांच्या चाचण्या) आणि एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत त्याचा अंदाज) असणार. ती सरसकट प्रत्येकीला लागत नाहीत. तेवढ्यापुरता तुमचा राग बरोबर, पुढं नाही. हिमोग्लोबिन, साखर, बीपी, थायरॉईडची टीएसएच, रक्तगट, थॅलेसेमिया या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची चाचणी, हे नॉर्मल आलं म्हणून पैसे बुडाले असं कसं म्हणता? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग, म्हणजे रक्त कमी, निघालाय. सातवर हिमोग्लोबिन घेऊन पोरी थेट बाळंतपणाला येतात. मग रक्ताच्या बाटलीसाठी तुम्हीच रात्री धावता ना? साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणावी लागते, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) साडेसहाच्या खाली असलेलं बरं. रुबेलाची (जर्मन गोवराची) लस राहिली असेल तर ती घेऊन महिनाभर थांबायचं. हे दिवस गेल्यावर कसं करणार?

आणि खानापूरच्या ताई, जिला स्वतःला आधी तसं बाळ झालंय तिला ४०० मायक्रोग्रॅम पुरत नाही. १९९१ साली ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, त्यात ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या अशा बायकांत पुन्हा तसं होणं ७२ टक्क्यांनी घटलं. पण तो डोस डॉक्टरांना विचारूनच.

येळ्ळूरकर
हे सगळं खरं, पण आमच्याकडच्या केंद्रात भिंतीवर जे लावलंय ते सगळं कन्नडात. माझ्या बायकोला एक अक्षर वाचता येत नाही. १९५६ ला आमचा मराठी भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून हेच चाललंय.

दवाखान्यातली_अक्का
आशाताई मराठीतच सांगते की वो. तिला घरात घ्या आधी.

निपाणीची_लेक
सगळे सुनेच्या रक्तावर बोलताय. लेकाच्या गालातल्या गुटख्याचं काय? शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. म्हणजे त्यानंही तीन महिने आधी सोडायला हवा. आप्पा, तुमच्या मुलाची एक तरी तपासणी झाली?

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, कातरीनं पान कापायचं, बोटं काळी पडलेली. आठव्या महिन्यातही सूप मांडीवरच, फक्त जरा पुढं सरकवलेलं. खोकत खोकत हजार पुरे करायची. तिला कोण म्हणणार होतं की बाई, आधी तब्येत कर?

चिकोडीचा_शेतकरी
तंबाखूला नावं ठेवायचं सोपं हाय. आमची पोरं याच तंबाखूवर शिकली. १९८१ ला तंबाखूच्या दरासाठी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर निपाणीत हायवेवर आमचीच माणसं बसली होती, गोळीबारात गेली पण. तवा कुठं होता तुम्ही?

निपाणीची_लेक
त्या हायवेवर माझे मामा होते, ते मला शिकवू नका. दराची लढाई खरी होती. पण त्याच रानात ओलं पान खुडताना निकोटीन कातडीतून अंगात जातं, हेही खरंच आहे. चक्कर, उलट्या त्यानंच होतात. मूल हवं असलेल्या बाईला पहाटेच्या दवात पानं खुडायला पाठवू नका, एवढंच म्हणतेय. बापयांनी खुडावीत.

चिकोडीचा_शेतकरी
बापयांनी खुडा म्हणं. मजूर मिळतोय कुठं? एकरभर पान तयार झालं की ते थांबत न्हाई. घरात बसून लिवायला काय जातंय.

निपाणीची_लेक
घरात बसून नाही. आईला दम्याचा पंप देता देता लिहितेय.

चिकोडीचा_शेतकरी
...वहिनीला खुडून आल्यावर भोवळ यायची, ते खरं. आम्ही ऊन लागलं म्हणायचो. या हंगामात तिला रानात पाठवत न्हाई. पण तंबाखू सोडणार न्हाई, ते सांगून ठेवतो.

आप्पा_वडगाव
मुलाची तपासणी झालेली नाही. डॉक्टरनी विचारलं नाही आणि आम्हीही नाही. आज सांगतो त्याला, गुटख्याचंही. बिलाबद्दल मात्र माझं मत तेच राहणार. सगळ्या गोष्टी लागतातच असं भासवून माणसाला घाबरवू नये.

खानापूरची_सून
तेवढं मान्य. पण "आज्यांनी काय घेतलं होतं" हे वाक्य मागे घ्या आप्पा.

आप्पा_वडगाव
घेतलं.

अथणी_वहिनी
मधेच विचारते, रागावू नका. मला फिट येतात, व्हॅल्प्रोएटची गोळी चालू आहे. पुढच्या वर्षी मूल हवंय. सासूबाई म्हणतात गोळी आत्ताच बंद कर.

दवाखान्यातली_अक्का
स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही, फिट आली तर जिवावर बेतेल. पण त्या गोळीनं बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून गर्भ राहायच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांना भेटून दुसरी बसते का ते बघायचं. बदलायला वेळ लागतो, तोवर पाळणा लांबवायचं साधन वापरा. जाताना सासूबाईंनाही बरोबर न्या, त्यांच्यासमोरच विचारा.