जुन्या स्कोपची हार्ड डिस्क बदलावी की स्कोपच भंगारात काढावा?

प्रोबवाला: आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये १ गिगाहर्ट्झचा स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे, आत विंडोज एक्सपी चालतं. महिनाभर झाला, चालू करताना डिस्क खडखडते, अधूनमधून निळी स्क्रीन येते. विभागात स्कोप राइट-ऑफ करायची भाषा सुरू झालीय. मला हे अजिबात पटत नाही. अ‍ॅम्प्लिफायर, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग), ट्रिगर (आलेख स्थिर धरणारा भाग) सगळं ठणठणीत आहे. मरायला टेकलीय ती लॅपटॉपमधली असते तशी अडीच इंची, ४४ पिनांची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क. एवढ्याशा सुट्या भागापायी अख्खं यंत्र फेकायचं? डिस्क बदलायची, आणि ती वाचता येतेय तोवरच बदलायची.

सिग्नल_नाशिक: असहमत. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. असं यंत्र नेटवर्कला जोडायचं, त्यात मुलांचे पेनड्राइव्ह लावायचे, हा धोका आहे. आज डिस्क गेली, उद्या पॉवर सप्लाय, परवा डिस्प्लेचा बॅकलाइट. ऐन प्रॅक्टिकल परीक्षेत बंद पडला तर जबाबदार कोण? शिकवायला २०० मेगाहर्ट्झचा नवा स्कोप पुरेसा आहे.

प्रोबवाला: शिकवायला पुरेल. पण राइज टाइम, म्हणजे सिग्नल खालून वर चढायला लागणारा वेळ, काढायला ०.३५ भागिले बँडविड्थ (स्कोपचा तो मेगाहर्ट्झचा आकडा) करून बघा. २०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम १.७५ नॅनोसेकंद, आमच्या जुन्याचा ०.३५. एमटेकच्या मुलांना एका नॅनोसेकंदात चढणारी एज (सिग्नलची कड) बघायची असते, ती नव्यावर बसकीच दिसणार. नेटवर्कची केबल काढून टाकू, तो प्रश्न मिटला.

रात्रपाळी: डिस्क बदला, पण क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करू नका. खराब सेक्टरमधल्या (डिस्कच्या छोट्या कप्प्यांतल्या) फायलीही तशाच तुटक्या येतील. कोरं इन्स्टॉल करा.

प्रोबवाला: रिकव्हरी सीडी केव्हाच गहाळ झालीय. शिवाय काही मॉडेलांत कॅलिब्रेशनचा (मोजमाप अचूक ठेवण्यासाठीचा) डेटाही डिस्कवर असतो. कोरं इन्स्टॉल करून तो गेला तर आणायचा कुठून?

कटलरी_नको_फ्लॅश_द्या: क्लोनच करा, पण साध्या कॉपी प्रोग्रामने नको. डिस्क बाहेर काढून लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा प्रोग्राम) चालवा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेले सेक्टर मागाहून पुन्हा पुन्हा वाचायला घेतं आणि कुठवर आलो त्याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं. आधी इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) बनवा, मूळ डिस्कवर काहीही लिहू नका. मग ती इमेज कॉम्पॅक्टफ्लॅश या मेमरी कार्डवर उतरवा. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे साधा अ‍ॅडॅप्टर पुरतो. मात्र कार्ड ‘फिक्स्ड डिस्क’ म्हणून ओळख देणारं, इंडस्ट्रियल घ्या. साधं कार्ड एक्सपीला ‘रिमूव्हेबल’ दिसतं आणि त्यावर ते पेजफाइल (मेमरी कमी पडली की एक्सपी वापरतं ती फाइल) ठेवत नाही. सेक्टरांची संख्या जुन्या डिस्कपेक्षा कमी नाही ना, तेही बघा. डब्यावरच्या जीबीवर जाऊ नका.

रात्रपाळी: सीडीच नसेल तर माझा सल्ला मागे घेतो. तुटक्या फायली कोणत्या, ते मॅपफाइलवरून काढता येईल. त्या दुसऱ्या एक्सपीवरून आणा. स्कोपच्या प्रोग्रामच्याच निघाल्या, तर मात्र अडचण आहे.

सिग्नल_नाशिक: पॉवर सप्लायच्या मुद्द्याला उत्तर मिळालेलं नाही. डिस्क बसवल्यावर अर्धा तास गरम होऊ द्या, सेल्फ-कॅलिब्रेशन चालवा, मग चारही चॅनलवर ओळखीच्या सिग्नल-जनरेटरचा सिग्नल देऊन आकडे इथे टाका. तोवर माझा विरोध कायम.

प्रोबवाला: मान्य. इमेज आज रात्रीच लावतो.