'गुप्त' आणि 'गोपनीय': एकच की वेगळे?

प्रश्न (गंगापूर रोडहून): स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासते आहे. विषय 'राष्ट्रीय नेते आणि कारभारातला खुलेपणा'. एकाच परिच्छेदात एकच अहवाल आधी 'गुप्त' होतो, मग 'गोपनीय'. गुण कापावेत का? बोलताना आपणही असंच बोलतो.

नाशिकरोडहून: ताई, कापा. धातू एकच, 'गुप्', म्हणजे राखणे. पण 'गुप्त' म्हणजे झाकलेलं, बाहेर ठाऊक नसलेलं. 'गोपनीय' मध्ये 'अनीय' प्रत्यय आहे. वंदनीय म्हणजे वंदन करण्याजोगं, तसं गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. ते कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याला 'का?' असं विचारता येतं. इथल्या प्रेसमध्ये नोटा छापतात. त्यांच्या सुरक्षा-खुणांचा तपशील गोपनीय का, हे कुणालाही सांगावं लागत नाही. सगळीकडे कारण इतकं स्वच्छ नसतं.

1962 च्या युद्धातल्या पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केली. तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, जे 1963 साली आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी चौकशीच्या निष्कर्षांवर संसदेत निवेदन केलं, पण मूळ अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. पुढे कित्येक सरकारं आली-गेली, प्रत्येकानं तो दाबूनच ठेवला. 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला बराच भाग इंटरनेटवर टाकला. म्हणजे त्या भागापुरता अहवाल 'गुप्त' राहिला नाही, तरी सरकारदरबारी 'गोपनीय' राहिला. हे वाक्य दोन वेगळ्या शब्दांशिवाय लिहून दाखवा!

पंचवटीहून: उलटंही घडतं. मंत्रिमंडळात कुणाची वर्णी लागणार, कुणाचं खातं जाणार, यावर कोणताही शिक्का नसतो, तरी ते शेवटपर्यंत 'गुलदस्त्यात' असतं. ते गुप्त, पण गोपनीय म्हणण्यासारखं त्यात काही नाही. 'खलबत' मात्र या दोन्हींहून निराळं. फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ एकांत. खलबताशिवाय राज्य चालत नाही, त्याबद्दल नेत्यांना दोष देऊ नये. निर्णय जाहीर झाल्यावरही त्याची कारणं दडवली, तर दोष जरूर द्यावा.

गंगापूर रोडहून: पटलं. मग काही मुलं 'गुप्ततेची शपथ' लिहितात, तेही चूकच ना? आणि एकानं लिहिलंय, 'मंत्र्यांनी शपथ घेतलेली असल्यामुळे ते जनतेला काही सांगू शकत नाहीत.'

नाशिकरोडहून: शब्द 'गोपनीयतेची शपथ' असाच हवा. दुसरं वाक्य जास्त घातक आहे, त्यावर लाल रेघ माराच. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला दोन शपथा आहेत, एक पदाची, दुसरी गोपनीयतेची. ही दुसरी शपथ साध्या खासदाराला नाही, राष्ट्रपतींनाही नाही. शिवाय तिच्यातच सवड ठेवलेली आहे: मंत्री म्हणून कर्तव्य पार पाडण्यासाठी आवश्यक असेल तेवढं उघड करता येतं. संसदेला उत्तर देणं हेही मंत्र्याचं कर्तव्यच. शपथेकडे बोट दाखवून गप्प बसणाऱ्याला हा अर्धा भाग वाचून दाखवायला हवा.

कायद्यातही तसंच. शासकीय गुपिते अधिनियम 1923 चा, इंग्रजांच्या काळातला. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 चा. त्याच्या कलम 8(2) प्रमाणे, माहिती उघड करण्यातलं लोकहित नुकसानीपेक्षा मोठं असेल, तर 1923 चा कायदा असतानाही ती देता येते. म्हणून मुलांना 'गोपनीय आहे' एवढ्यावर थांबू देऊ नका. 'अमुक खात्याने गोपनीय ठरवला आहे' असं कर्त्यासह लिहायला लावा. कर्ता नसेल तिथे अर्धा गुण कापा.